आई ओ, वडील बी आणि मुलगा ए : हे शक्य आहे का?

नववीची_बाई

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात आनुवंशिकतेचा पाठ चालू असताना मुलांना विषय जवळचा वाटावा म्हणून मी त्यांना घरातील सर्वांचे रक्तगट लिहून आणायला सांगितले होते. दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकेक कुटुंब मांडत असताना एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आई ओ, बाबा बी आणि मी ए. मग माझा ए आला कुठून?" आईकडे ए नाही, वडिलांकडे ए नाही, तर मुलाकडे तो येणार नाही, हा नियम मी नुकताच शिकवला होता, त्यामुळे फारसा विचार न करता "असे होऊच शकत नाही" असे मी बोलून गेले. मागच्या बाकांवरून कोणीतरी हसले आणि त्या मुलाने वही मिटून दप्तरात ठेवली. माझ्या त्या वाक्याचा अर्थ वर्गातील मोठ्या मुलांनी काय लावला असेल, हे मला घरी आल्यावर उमगले, आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

त्या मुलाला आणि वर्गाला मला नीट उत्तर द्यायचे आहे. असे खरोखरच होऊ शकते का? होत असेल तर ते शरीरात नेमके कसे घडते? पुस्तकात "प्रतिजन" आणि "प्रतिपिंड" हे शब्द आहेत, पण पेशीवर प्रत्यक्ष काय असते, हे मला स्वतःलाही धड सांगता येणार नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रक्तपेढीतला_माणूस

बाई, मी सत्तावीस वर्षे रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. तुमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की कार्डावर लिहिलेल्या गटावरून कोणाच्याही आई-वडिलांविषयी काहीही ठरवता येत नाही. ही गोष्ट वर्गात आधी सांगा, बाकीचे विज्ञान नंतर.

आता तपासणी कशी होते ते सांगतो, कारण या कोड्याची गाठ तिथेच आहे. शिबिरात किंवा लहान प्रयोगशाळेत पांढऱ्या टाइलवर रक्ताचे तीन थेंब ठेवतात. एकावर निळे द्रावण टाकतात, ते ए ओळखते; दुसऱ्यावर पिवळे, ते बी ओळखते; तिसऱ्यावर बिनरंगी, त्यावरून पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कळते. काडीने ढवळून टाइल दोन मिनिटे हलकेच झुलवायची. ए गटाचे रक्त असेल तर निळ्या थेंबात पेशी एकमेकींना चिकटतात आणि पाण्यात रवा सुटावा तसे लाल कण वेगळे दिसू लागतात. बी असेल तर पिवळ्यात दिसतात. दोन्ही थेंब कुंकवाच्या पाण्यासारखे एकसंध राहिले, तर आम्ही ओ लिहितो.

म्हणजे पाहा, ए आणि बी हे गट आम्ही डोळ्यांनी पाहतो, पण ओ आम्हाला दिसत नाही. काहीच घडले नाही, म्हणून आम्ही त्याला ओ म्हणतो. आता काहीच न घडण्याची कारणे अनेक असतात. द्रावण दिवसभर उन्हात राहून निकामी झालेले असते, थेंब टाकायचा राहून गेलेला असतो, रक्त आणि द्रावणाचे प्रमाण चुकलेले असते, किंवा घाईत लगेच वाचलेले असते. शेजारच्या माणसाचे नाव या कार्डावर आणि याचे त्या कार्डावर, हा प्रकार तर मी किती वेळा पाहिला, त्याची गणती नाही.

म्हणूनच रक्तपेढीत उलट तपासणी केल्याशिवाय गट कायम करत नाहीत. त्या माणसाच्या रक्तातील पेशी बाजूला काढून वरचा पिवळसर द्रव घ्यायचा आणि तो तीन नळ्यांत घालायचा: एकीत आमच्याकडच्या खात्रीच्या ए पेशी, दुसरीत बी पेशी आणि तिसरीत ओ पेशी. खऱ्या ओ गटाच्या माणसाचा द्रव ए पेशींना आणि बी पेशींना गोळा करतो, ओ पेशींना काहीही करत नाही. सुलट आणि उलट या दोन्ही तपासण्या जुळल्या, तरच गटाची नोंद होते. त्या मुलाच्या आईचा ओ कोठे आणि कसा तपासला गेला होता, हे आधी विचारा. बाळंतपणाच्या वेळी घाईत केलेली टाइलवरची तपासणी असेल, तर ती पुन्हा करायला हवी. माझ्या अनुभवात अशा कोड्यांपैकी बहुतेक कोडी तिथेच सुटतात.

बहुतेक, पण सर्व नव्हेत. एकदा रात्रपाळीला बाळंतपणासाठी आलेल्या एका बाईंचा नमुना माझ्याकडे आला. कार्डावर ओ पॉझिटिव्ह, टाइलवरही ओ. मी ओ गटाच्या चार पिशव्या काढून त्यांचा क्रॉसमॅच लावला, म्हणजे पिशवीतले रक्त बाईंच्या रक्ताशी जुळते का ते पाहिले, आणि चारही नळ्यांत पेशींचा गोळा झाला. माझीच काही चूक झाली असेल, असे समजून सर्व पुन्हा केले, तरी तेच. मग उलट तपासणीची तिसरी नळी पाहिली. जिथे काहीच व्हायला नको, त्या ओ पेशींच्या नळीत तळाशी घट्ट लाल गोळी बसली होती; नळी टिचकी मारून हलवली तरी ती फुटत नव्हती. मी त्याविषयी वाचले होते, पण प्रत्यक्ष पाहण्याची ती पहिलीच वेळ. तो बॉम्बे रक्तगट होता. बाईंचे भाऊ-बहीण पहाटेपर्यंत बोलावून घेतले, त्यांतील धाकट्या भावाचे रक्त जुळले आणि त्याने दिलेली पिशवी चालली. पुढे मुंबईच्या संस्थेकडे नमुना पाठवून निदानाची खात्री करून घेतली. त्या गटाचे शास्त्र मात्र डॉक्टर मंडळींनी सांगावे.

शरीरक्रिया_शिक्षक

वरील प्रतिसाद अतिशय मोलाचा आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. शास्त्राचा भाग मांडण्याचा प्रयत्न करतो.

रक्तगट म्हणजे तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरील साखर. रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात, आणि प्रत्येक पेशीच्या आवरणावर शर्करेच्या लहान लहान साखळ्या बाहेरच्या बाजूस उभ्या असतात. या साखळीच्या टोकाला एक विकर, म्हणजे शरीरातील क्रिया घडवून आणणारे प्रथिन, प्रथम फ्यूकोज नावाची साखर जोडते. फ्यूकोज जोडलेल्या या टोकाला एच प्रतिजन म्हणतात; प्रतिजन म्हणजे पेशीवरची ओळखीची खूण. आपण त्याला भिंतीवरची खुंटी समजू. ज्याच्याकडे ए जनुक असते, त्याच्या शरीरात तयार होणारे विकर या खुंटीला एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन ही साखर अडकवते. ज्याच्याकडे बी जनुक असते, त्याचे विकर साधे गॅलॅक्टोज अडकवते. दोन्ही असतील तर काही खुंट्यांवर हे आणि काहींवर ते, आणि गट एबी होतो. ओ जनुकापासून मात्र काम करणारे विकर तयारच होत नाही. बहुतेक ओ जनुकांत एक अक्षर गळालेले असते, त्यामुळे पुढचा सारा मजकूर सरकतो आणि निरर्थक होतो. अशा माणसाच्या पेशींवर सगळ्या खुंट्या रिकाम्या राहतात. तोच ओ गट. ए आणि बी या दोन विकरांतील फरक किती थोडा आहे, हे पाहून मला दर वर्षी शिकवताना नवल वाटते: ३५४ अमिनो आम्लांच्या माळेत केवळ ४ ठिकाणी ती वेगळी आहेत. या जनुकाची रचना १९९० मध्ये उलगडली. गट मात्र कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्येच वर्णन केले होते आणि त्याबद्दल त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. ए आणि बी ठरवणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर असते, तर खुंटी तयार करणारे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते. दोघांचा वारसा एकमेकांपासून स्वतंत्र चालतो. समजा, एखाद्या स्त्रीला आई आणि वडील या दोघांकडूनही खुंटीचे निकामी जनुक मिळाले. तिच्याकडे ए जनुक धडधाकट असेल, त्याचे विकरही तयार होत असेल, पण खुंटीच नाही, तर साखर अडकवणार कोठे? टाइलवर तिचे रक्त एकसंध राहील आणि कार्डावर ओ लिहिले जाईल. या स्त्रीचा विवाह बी गटाच्या पुरुषाशी झाला, आणि बाळाला आईकडून ते दडलेले ए, तर वडिलांकडून त्यांच्या बीसोबत दडलेले ओ जनुक व सोबत खुंटीचे चांगले जनुक मिळाले, की बाळाच्या पेशींवर खुंट्या उभ्या राहतात, त्यांवर ए साखर अडकते आणि बाळाचा गट ए येतो. आईच्या रक्तात कधीही न दिसलेला गुण मुलाच्या रक्तात उघड होतो. बाई, आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला "होय, असे होऊ शकते" हे उत्तर आहे, आणि तो प्रश्न नववीच्या मुलाने विचारला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

खुंटीच नसलेला हा बॉम्बे गट प्रथम मुंबईतच ओळखला गेला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि शहराचे नाव त्याला कायमचे चिकटले. भारतात साधारण १०,००० लोकांमागे एकाचा हा गट असतो, युरोपात तो सुमारे १० लाखांत एखाद्याचाच आढळतो. निकामी जनुक दोन्हीकडून यावे लागत असल्यामुळे नात्यात लग्ने होणाऱ्या घराण्यांत त्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे अनेक ठिकाणी आहे, तिथे हे लक्षात ठेवावे. सख्ख्या भावंडांत तो असण्याची शक्यता चारात एक असते, म्हणूनच वरच्या प्रसंगात भावाला बोलावण्याचा निर्णय अगदी योग्य होता.

याशिवाय ए गटाचे काही दुर्बळ उपप्रकारही असतात. त्यांत खुंट्यांवर साखर इतकी कमी असते की टाइलवर गोळा झालेला दिसतच नाही. उपप्रकार ओळखण्याच्या संदर्भात एक गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगा. ए गटाचा ठळक प्रकार आणि त्याहून कमी साखरेचा प्रकार वेगळे ओळखण्यासाठी रक्तपेढ्यांत जो अर्क वापरतात, तो कुळथाच्या, म्हणजे तुमच्याकडच्या हुलग्यांच्या, दाण्यांपासून काढलेला असतो. या दाण्यातील एक प्रथिन ठळक ए पेशींनाच धरते, हे १९५१ मध्ये लक्षात आले. ज्या हुलग्यांचे माडगे मुले घरी पितात, तेच प्रयोगशाळेत रक्त ओळखायला बसतात.

मी_ओएच

मी स्वतः बॉम्बे गटाचा आहे, म्हणून दोन शब्द लिहितो. वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत माझ्या वाहन परवान्यावर ओ पॉझिटिव्ह असे लिहिलेले होते. मित्राच्या वडिलांसाठी रक्त द्यायला गेलो, तेव्हा रक्तपेढीतील ताईंनी मला बाजूला बसवून पुन्हा नमुना घेतला आणि तेव्हा हे कळले. प्रकृतीला याने काहीही बाधा नाही. मी शेतात काम करतो, वारीला चालत जातो, दोन मुले आहेत. अडचण एकच, की मला रक्त लागले तर केवळ माझ्याच गटाचे लागेल. ओ गटाचे रक्त कोणालाही चालते, हे वाक्य शाळेत शिकवले जाते; ते माझ्यासारख्याला लागू नाही. ओ पेशींवर वर सांगितलेली खुंटी असते आणि माझ्या अंगाला ती परकी, म्हणून तसे रक्त मला चढवले तर जीव जाऊ शकतो. बाईंनी एवढी दुरुस्ती वर्गात केली, तर बरे होईल.

आमच्यापैकी कोणाला कोठे गरज लागली की फोन येतो आणि मी जातो. पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये तीन महिने थांबावे लागते, आणि पिशवीतील तांबड्या पेशीही पाच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाहीत, त्यामुळे पिशवीपेक्षा माणूस कोठे आहे हे ठाऊक असणे आमच्या बाबतीत जास्त उपयोगाचे ठरते.

नववीची_बाई

आपणा सर्वांचे आभार कसे मानावेत, हे कळत नाही. खुंटीचे उदाहरण मी तसेच्या तसे वर्गात वापरणार आहे. मुलाच्या आईंना मी स्वतः जाऊन भेटले. त्यांच्या मनातही हा प्रश्न गेली काही वर्षे होता, पण विचारायचे कोणाला, म्हणून त्या गप्प होत्या, हे ऐकून मला फार वाईट वाटले. त्यांची आणि मुलाची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी रक्तपेढीत करायची ठरली आहे.

आणखी एक शंका. खऱ्या ओ गटाच्या माणसाचा द्रव ए आणि बी पेशींना गोळा करतो, असे वर लिहिले आहे. पण त्या माणसाच्या अंगात कधीही दुसऱ्याचे रक्त गेलेले नसते. लस टोचल्यावर किंवा आजार होऊन गेल्यावर प्रतिपिंडे, म्हणजे परक्या गोष्टीला धरणारी प्रथिने, तयार होतात, असे आम्ही शिकवतो. मग ज्याची कधी गाठच पडली नाही, त्या साखरेविरुद्ध शरीर आधीपासून सज्ज कसे? आणि तसे असेल, तर ओ गटाच्या आईच्या पोटातील ए गटाच्या बाळाला इजा का होत नाही?

शरीरक्रिया_शिक्षक

गाठ पडलेली असते, पण रक्ताशी नव्हे. आपल्या आतड्यांत राहणाऱ्या जीवाणूंच्या आवरणावर ए आणि बी यांच्यासारख्याच दिसणाऱ्या साखरा असतात. जन्मानंतर काही महिन्यांत हे जीवाणू आतड्यांत वस्ती करतात आणि बाळाची प्रतिकारयंत्रणा त्यांच्या साखरा पाहू लागते. ज्या साखरा स्वतःच्या पेशींवरही आहेत, त्यांच्याविरुद्ध ती काही करत नाही. ज्या नाहीत, त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. १९५९ मध्ये कोंबडीची पिल्ले पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवून पाहिली, तेव्हा बी साखरेविरुद्धची जी प्रतिपिंडे एरवी पिल्लांमध्ये आपोआप दिसतात, ती त्यांच्यात तयार झाली नाहीत. बाळात ही प्रतिपिंडे साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यापासून दिसू लागतात, त्यामुळे त्याआधी केलेली उलट तपासणी विश्वासार्ह नसते, आणि नवजात बाळाच्या पेशींवर साखराही कमी असल्यामुळे सुलट तपासणीही कधी फसते. जन्माच्या वेळी लिहिलेला गट मोठेपणी पुन्हा तपासावा, तो यासाठीच.

आरएच घटकाची, म्हणजे ज्यावरून पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरते त्याची, गोष्ट वेगळी आहे. तो साखर नसून प्रथिन आहे, जीवाणूंवर तसे काही नसते, म्हणून निगेटिव्ह व्यक्तीच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे पॉझिटिव्ह रक्ताशी प्रत्यक्ष संबंध आल्यावरच तयार होतात.

आईच्या पोटातील बाळाविषयी. ए आणि बी विरुद्धची प्रतिपिंडे प्रामुख्याने ज्या प्रकारची असतात, त्यांचा रेणू फार मोठा असतो: पाच घटक एकत्र जोडलेले आणि पेशी धरण्यासाठी दहा हात. दहा हात असल्यामुळेच एक रेणू अनेक पेशी एकमेकींना बांधतो आणि टाइलवर रवा दिसतो. पण एवढा मोठा रेणू वारेतून पलीकडे जाऊ शकत नाही. ओ गटाच्या काही स्त्रियांमध्ये लहान आकाराची प्रतिपिंडेही असतात, ती पलीकडे जातात आणि बाळाला जन्मानंतर कावीळ होऊ शकते, परंतु ती बहुधा सौम्य असते आणि निळ्या प्रकाशाखाली ठेवल्यावर उतरते. बाळाच्या पेशींवर साखर विरळ असते, आणि ती साखर इतर ऊतींवरही असल्यामुळे प्रतिपिंडे तिथेही विखुरली जातात, हेही बाळाच्या पथ्यावर पडते.

नववीची_बाई

तपासणी झाली. मुलाचा गट ए पॉझिटिव्ह, सुलट-उलट दोन्हीकडून पक्का. आईंचा गटही ए पॉझिटिव्ह निघाला. रक्तपेढीतील सरांनी दुसरा नमुना घेऊन सर्व पुन्हा केले आणि मला नळ्या दाखवल्या. ए पेशींची नळी एकसंध, बी पेशींच्या नळीत गोळी, ओ पेशींची नळी एकसंध. चौदा वर्षांपूर्वी बाळंतपणाच्या वेळी मिळालेल्या कार्डावर ओ चुकून लिहिला गेला होता आणि तेच कार्ड आई इतकी वर्षे पाकिटात जपून ठेवत होत्या. त्यांना मी सर्व समजावून सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मुलाच्या डोक्यावरून हात फिरवून "तुझ्यामुळे कळलं बघ" एवढेच म्हणाल्या.

वर्गात मी आधी माझी चूक कबूल केली. आईंची परवानगी घेऊन त्या मुलालाच फळ्यापाशी बोलावले आणि ए गटाची आई व बी गटाचे वडील, दोघांकडेही एकेक ओ दडलेला, अशी मांडणी करायला सांगितली. त्याने चौकट आखून ए, बी, एबी आणि ओ ही चारही उत्तरे काढली. एकाच घरात चारही गट जन्मू शकतात, हे पाहून मुले चकित झाली. यापुढे घरचे गट आणायला न सांगता मीच कल्पित कुटुंबे देणार आहे.

रक्तपेढीतला_माणूस

वाचून फार बरे वाटले, बाई. एक काम राहिले आहे, तेवढे करून घ्या. आईंचे जुने कार्ड फाडून टाकायला सांगा आणि नव्या गटाची नोंद आधारासोबत ठेवलेल्या कागदांत, दवाखान्याच्या फाइलमध्ये आणि जिथे जिथे ओ लिहिलेले असेल तिथे बदलून घ्या. जुन्या कार्डाची झेरॉक्स कोणाच्या कपाटात राहिली असेल, तर तीही. रक्त चढवण्याआधी रक्तपेढी दर वेळी नव्याने गट तपासते आणि क्रॉसमॅच लावते, पण दोन ठिकाणी दोन गट लिहिलेले असले, की रात्री-अपरात्री आमचा अर्धा तास केवळ खरे कोणते हे शोधण्यात जातो.